बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून

सरकारी दवाखान्यात सव्वीस वर्षं मी लोकांची दुःखं ऐकली ती एका लोखंडी कपाटामागं बसून. कपाटाच्या पुढच्या अंगाला जुने केसपेपर, मागच्या अंगाला माझं टेबल आणि दोन खुर्च्या. भिंतीपलीकडं इंजेक्शनची खोली. एखादी बाई मन घट्ट करून म्हणायची, "मॅडम, लग्नापासून माझा नवरा...", आणि नेमकं तेव्हाच पलीकडं एखादं लेकरू सुई बघून किंचाळायचं. वाक्य तिथंच राहायचं. ती बाई पदर सावरायची आणि म्हणायची, "बाकी काई न्हाई, झोप येत न्हाई फक्त."

माझ्या कामाला समुपदेशन म्हणतात. शब्द जड आहे आणि त्यात 'उपदेश' आहे, म्हणून लोकांना वाटतं मी चार शहाणपणाच्या गोष्टी सांगते. मी सांगत नाही. औषधही देत नाही, ते मनोविकारतज्ज्ञ देतात. समोरचा माणूस बोलतो, मी ऐकते, आणि मधूनमधून असा प्रश्न विचारते की त्याचं बोलणं त्याला स्वतःला ऐकू यावं. त्याला ना मशीन लागतं, ना खाट. फक्त दोन माणसं बसतील आणि तिसऱ्याला ऐकू जाणार नाही एवढी जागा लागते. सव्वीस वर्षांत मला सगळं मिळालं, तेवढी जागा मिळाली नाही.

पूर्णेचा एक रेल्वे ड्रायव्हर मला अजून आठवतो. पन्नाशीचा, धिप्पाड, मिशा पिकलेल्या. त्याच्या चालत्या गाडीसमोर एक माणूस आला होता. त्यात ड्रायव्हरचा काही दोष नव्हता, चौकशीतही तसंच ठरलं होतं. तरी इंजिनात चढायची वेळ आली की तो दांडी धरून तसाच खाली उभा राहायचा. बराच वेळ तो हवापाण्याचं बोलला. मग एकदम म्हणाला, "ब्रेक मारला तरी गाडी जागच्या जागी थांबत न्हाई, मॅडम. तेवढ्यात त्यानं माझ्याकडं बघितलं..."

आणि कपाटावरून एक डोकं डोकावलं. केसपेपरच्या रांगेतला कुणीतरी. "अरे, तुमी पूर्णेचे ना? इकडं काय करायलाव?"

"बीपी दाखवायला आलतो," ड्रायव्हर म्हणाला आणि उठला. मी म्हटलं, "बसा, आपण बाहेर झाडाखाली बसू." तो म्हणाला, "नंतर येतो." आला नाही. पुढं कळलं, त्यानं मुदतीआधीच नोकरी सोडली. त्या नजरेबद्दल तो नंतर कुणाजवळ बोलला की नाही, मला माहीत नाही. त्या दिवशी आपल्याला एक दार असतं तर, हे मात्र मला वर्षानुवर्षं वाटत राहिलं.

म्हणून अठ्ठावन्नव्या वर्षी हार घालून घरी पाठवलं तेव्हा मी आधीच ठरवलं होतं. परभणीत स्वतःची खोली काढायची. पुण्यातला मुलगा म्हणाला, "आई, आता फोनवरसुद्धा करतात हे." मी म्हटलं, "ज्या घरात बोलायची चोरी, त्याच घरात बसून फोनवर कसं बोलतील रे?"

जागा शोधायला तीन महिने गेले. पहिली जागा मोठ्या रस्त्यावरचा गाळा, काचेच्या दाराचा. काचेच्या दारामागं कोण रडेल? दुसरी एका औषधाच्या दुकानावर होती, पण तिचा जिना बसथांब्यासमोर. सगळा तालुका बघणार कोण चढलं ते. शेवटी साळवे सरांची इमारत सापडली. खाली झेरॉक्सचं दुकान आणि लेडीज टेलर. वर अर्ध्या भागात सर राहायचे, मधे कॉम्प्युटर क्लास आणि कोपऱ्यात एक रिकामा हॉल. जिना चढणारा माणूस ब्लाउज शिवायला आला, कॉम्प्युटर शिकायला आला की सरांना भेटायला, खालून कुणालाच कळत नव्हतं. मी तिथंच हो म्हटलं.

साळवे सर शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. एकटे राहायचे. त्यांनी विचारलं, "मॅडम, आरडाओरडा करणारे लोक येतील का?"

"सर, तुमच्या सातवीच्या वर्गापेक्षा कमीच असेल."

ते हसले, पण अट घातली. हॉलमधे विटांची भिंत नको, खालच्या स्लॅबवर वजन येईल. प्लायवूडचं पार्टिशन चालेल. मी विटांचा आग्रह धरायला हवा होता. जागा मिळाल्याच्या आनंदात धरला नाही.

काम अजीज मिस्त्रींना दिलं. साठीचे, पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. त्यांना वाटलं दवाखाना काढायचाय. "ताई, मोठं टेबल लागंल. डॉक्टरसमोर टेबल नसलं तर पेशंटला वजन वाटत न्हाई."

"टेबल नकोच, मिस्त्री. दोन खुर्च्या, सारख्या उंचीच्या. माझी त्यांच्यापेक्षा उंच नको. आणि समोरासमोर नको, जरा तिरक्या."

"काहून?"

"समोरासमोर बसलं की माणसाला उलटतपासणी वाटते. तिरकं बसलं की त्याला खिडकीकडं बघत बोलता येतं."

मिस्त्रींनी दाढी खाजवली. "म्हणजे पानटपरीवर बसतो तसं."

अगदी तसंच. इतक्या नेमक्या शब्दांत मला कुणी शिकवलं नव्हतं.

येणाऱ्याची खुर्ची अशी ठेवली की दार त्याच्या नजरेत राहील. भ्यालेल्या माणसाला बाहेरची वाट दिसत असली की तो बसतो. घड्याळ त्याच्या पाठीमागं लावलं, म्हणजे वेळ मला कळावी आणि मी मनगटाकडं बघते असं त्याला वाटू नये. जमिनीवर बसायची सवय असणाऱ्यांसाठी एका बाजूला सतरंजी आणि लोड. भिंतीला बिस्किटी रंग. दवाखान्याच्या हिरव्याचं मला आयुष्यभर पुरेल एवढं दर्शन झालं होतं. भिंतीवर तसबीर कुणाची लावायची यावर साळवे सरांशी दोन दिवस वाद झाला. ते म्हणाले, "बाबासाहेबांचा फोटो असू द्या, माणसाला हिंमत येते." माझ्या घरात तो दर्शनी भिंतीवर आहे. पण मी म्हटलं, "सर, इथं सगळ्या घरांतली माणसं येणार. आत आल्याबरोबर हे आपल्यातले की त्यांच्यातले, हा हिशोब कुणाच्याच मनात सुरू व्हायला नको." भिंत मोकळीच ठेवली. बाटलीत एक मनीप्लांट लावला, त्याला जात नसते.

पाटीवर मात्र मी फसले. 'समुपदेशन' कुणाला कळणार नाही म्हणून पेंटरनं स्वतःच्या डोक्यानं खाली 'काउन्सिलिंग' लिहिलं. आपल्याकडं बारावीनंतरच्या मेडिकल प्रवेशाला काउन्सिलिंग म्हणतात हे माझ्या लक्षातच आलं नाही. पहिल्या पंधरा दिवसांत माझ्याकडं जे अकराजण आले ते सगळे मार्कशीट घेऊन आले. चारठाण्याचे एक गृहस्थ तर जायलाच तयार होईनात. "आमच्या पोरीला एवढे मार्क पडलेत. कुठं लागंल तेवढं सांगा."

"मी ते काम करत नाही हो."

"मग कशाचं काउन्सिलिंग करताव?"

"मनात काही सलत असेल तर बोलायला येतात लोक."

ते पाणी प्यायले. मग हळू आवाजात म्हणाले, "पोरीला मेडिकलला जायचंच न्हाई, मॅडम. आमालाच पायजे." हा माझ्या नव्या खोलीतला पहिला खरा माणूस. जाताना मार्कशीट घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "पाटी चुकीची हाय तुमची, पण राहू द्या." मी दुसऱ्या दिवशी ती पुसून घेतली. नुसतं माझं नाव ठेवलं.

खोली सुरू केली ती मे महिन्यात. परभणीचा मे. कूलर लावल्याशिवाय बसणं अशक्य. उद्घाटनाआधी मी मिस्त्रींना आत बसवून मोठ्यानं आकडे म्हणायला लावले आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसून ऐकलं. कूलरच्या घरघरीत एकही आकडा कळला नाही. मी निश्चिंत झाले. हवा खेळती राहावी म्हणून पार्टिशनच्या वर मिस्त्रींनी वीतभर फट ठेवली होती. तिच्याकडं माझं लक्षच गेलं नाही.

उन्हाळा, पावसाळा गेला. माणसं हळूहळू येऊ लागली. दिवाळीनंतर थंडी पडली आणि मी कूलर बंद करून त्याच्यावर चादर टाकली.

त्याच दिवसांत रेखा आली. सव्वीस वर्षांची, राणीसावरगावच्या पुढच्या एका गावातली. सोबत सासू, कौसाबाई; रेखा त्यांना आत्याबाई म्हणायची. कौसाबाई कष्टाची बाई. हातावर गोंदण, बोलणं रोखठोक. "वरीस झालं, ही बोलंनाच गेली. काम करती, खाती, पर बोलत न्हाई. दवाखाने झाले, सगळं झालं. हिला बोलती करा, बाई."

मी कौसाबाईंना बाहेर बाकावर बसवलं. चहा सांगितला. रेखाला आत नेलं, दार लावलं. ती सतरंजीवर बसली म्हणून मीही खाली बसले. वीस मिनिटं आम्ही दोघी गप्प होतो. गप्प बसणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे, हे काम शिकायला येणाऱ्या नव्या मुलींना मी तेच आधी शिकवते. मग रेखा भिंतीकडं बघत म्हणाली, "बाळ दोनच दिवस जगलं."

मी पाण्याचा पेला तिच्यापुढं सरकवला.

"कळा दुपारीच सुरू झाल्या व्हत्या. मी आत्याबाईला सांगितलं. त्या म्हणल्या, पहिलटकरणीला येळ लागतो, थांब जरा. दिवस मावळला तवा जीप बोलावली. दवाखान्यात डॉक्टर म्हणले, लवकर का न्हाई आणलं?" तिचा आवाज चढला. "आत्याबाईनं दुपारीच आणलं असतं तर माझं बाळ असतं! पण घरात कुणी त्याचं नावच काढत न्हाई. जसं काई झालंच न्हाई!"

बाहेर कपबशी पडल्याचा आवाज आला. तो इतका स्वच्छ ऐकू आला की माझी नजर पार्टिशनवरच्या फटीकडं गेली. कपबशी मला ऐकू येते, तर हिचं बोलणं बाहेर...

दार उघडून कौसाबाई आत आल्या. चेहरा पांढराफटक. त्यांनी रेखाचा दंड धरला. "चल. ऊठ."

"कौसाबाई, बसा दोन मिनिटं. मी..."

"बसायला काय ठेवलंय? चल म्हणते ना."

रेखा उठली. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती, तेच मला जास्त लागलं. वर्षभरानं तोंड उघडलेली मुलगी माझ्या खोलीत उघडी पडली होती आणि एका म्हाताऱ्या बाईनं जे कधी ऐकू नये असं तिला वाटत असेल ते माझ्या बाकावर बसून ऐकलं होतं. कपाटामागं बसले तेव्हा जागा सरकारची होती. ही खोली मी स्वतः उभी केली होती.

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. खाली टेलरचं मशीन, शेजारच्या क्लासमधल्या मुली, सगळं ऐकू येत होतं. मग मी साळवे सरांच्या दारावर गेले.

"सर, हे पार्टिशन काढते. विटांची भिंत, वर स्लॅबपर्यंत. हलक्या सिमेंटच्या विटा मिळतात, इंजिनिअरला दाखवून घेऊ. तुम्ही नाही म्हणालात तर मी जागा सोडते. पण या प्लायमागं आता एकाही माणसाला बसवणार नाही."

सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "थंडी सुरू झाल्यापासून मलाही ऐकू येत होतं, मॅडम. माझ्या बैठकीत. मी टीव्हीचा आवाज मोठा करून बसायचो."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर मी ऐकलंय हे तुम्हाला कळलं असतं." त्यांनी चष्मा लावला. "बांधा भिंत. चूक माझीच होती."

चूक माझी होती, हे मला माहीत होतं. मी सगळ्यांना फोन करून सांगितलं की महिनाभर खोली बंद आहे आणि का बंद आहे तेही. दोघं त्यानंतर कधी आले नाहीत, तो त्यांचा हक्क होता. रेखाचा नवरा पुण्याकडं कंपनीत होता, त्याचा नंबर माझ्याकडं होता. त्याला फोन केला. "आत काय बोलणं झालं ते मी सांगणार नाही," मी म्हटलं, "पण दोघींना एवढा निरोप द्या की माझी भिंत कच्ची होती, ती मी नवी बांधतेय, आणि झाल्या प्रकाराची मी माफी मागते." तो नुसता बरं म्हणाला.

इंजिनिअरनं हलक्या विटांना होकार दिला. भिंत उभी राहिली. अजीज मिस्त्री मान खाली घालून काम करत होते, ती फट त्यांच्या मनाला लागली होती. दार त्यांनी भरीव लाकडाचं केलं, चौकटीला सगळीकडून रबराची पट्टी बसवली. मग म्हणाले, "चला ताई, बघू."

"जा आत. काही पण बोला, मोठ्यानं. आकडे नको, नेहमीचं बोलतात तसं बोला."

ते आत गेले, दार लावलं. मी बाकावर बसले. पंखे बंद, कूलर बंद. खाली मशीन चालू होतं ते ऐकू येत होतं. आतलं काही नाही. एक मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली. मला वाटलं मिस्त्री आत झोपले की काय. दहा मिनिटांनी दार उघडलं. मिस्त्री बाहेर आले, डोळे लाल, खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसत.

"आलं का ऐकू काई?"

"एक अक्षर नाही."

"पक्कं?"

"पक्कं, मिस्त्री."

"मग झाली खोली," ते म्हणाले आणि हत्यारं पिशवीत भरू लागले. आत ते काय बोलले, कुणाशी बोलले, मी विचारलं नाही. आजपर्यंत नाही. आमच्या कामात न विचारणं हेही कामच असतं.

मकर संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी कौसाबाई आल्या. एकट्या. गंगाखेडहून बसनं आल्या होत्या. जिन्यानं धाप लागली होती. मी पाणी दिलं, त्यांनी ते हातातच धरलं. आत येऊन त्यांनी नव्या भिंतीवर तळवा ठेवला, मुठीनं दोनदा वाजवून बघितली. मग लोडाला टेकून बसल्या.

"ती खोटं न्हाई बोलली," त्या म्हणाल्या. "त्या दिसाला मला राग आला म्हणून वढून नेली. घरी गेल्यावर इचार केला, राग कशाचा? दुपारी तिनं सांगितलं व्हतं. कापूस वेचायला बाया आल्या व्हत्या, त्यांच्या मागं मी. माझी तिन्ही बाळंतपणं घरीच झाली, मला वाटलं हिचं बी व्हईल." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "वरीसभर त्याचं नाव मीच कुणाला काढू दिलं न्हाई, बाई. नाव निघालं की मला ती दुपार दिसती."

त्या चार वेळा एकट्या आल्या. मधे रेखाही येऊ लागली, वेगळ्या वारी, भावाबरोबर. भाऊ खाली झेरॉक्सच्या दुकानात थांबायचा. घाई कुणालाच नव्हती, मला तर नव्हतीच. उन्हाळ्याच्या तोंडावर एक दिवस दोघी एकत्र बसल्या. रेखा सतरंजीच्या एका टोकाला, कौसाबाई दुसऱ्या. कौसाबाईंनी जे मला सांगितलं होतं ते सगळं तिला सांगितलं, एक शब्द न वगळता. रेखा सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिली. मग तिनं विचारलं, "मी परत एकदा सांगायला पायजे व्हतं का? दुपारी? मी एकदाच सांगितलं."

मी तिच्याकडं बघतच राहिले. वर्षभर ही मुलगी सासूला नव्हे, स्वतःला दोषी धरून बसली होती, आणि इतक्या बैठका झाल्या तरी माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

"न्हाई गं," कौसाबाई म्हणाल्या. "तू सांगितलं व्हतं. म्याच ऐकलं न्हाई."

सगळं गोड झालं असं नाही. रेखा त्यानंतर चार महिने माहेरी राहिली. आता ती पुण्याला नवऱ्याजवळ आहे, सणावाराला गावी येते. सासूशी बोलते, पण मोजकं. कौसाबाई अजून कधीतरी येतात, म्हणतात, "सहज आले." सहज कुणी गंगाखेडहून बस पकडून येत नाही, पण मी चहा सांगते.

हे लिहायचं ठरलं तेव्हा मी दोघींना आधी विचारलं. आमच्या कामात ते केल्याशिवाय एक ओळ लिहायची नसते. कौसाबाई म्हणाल्या, "लिवा. दुसऱ्या कुण्या सुनेला लवकर नेतील." रेखाला फोन केला. सगळं वाचून दाखवलं. म्हटलं, "तुमची सगळ्यांची नावं बदललीत, गावही सांगत नाही."

ती म्हणाली, "आमची बदला, मॅडम. बाळाचं बदलू नका."

"बाळाचं नाव मी कुठं लिहिलेलंच नाही, रेखा. बारसं झालं नव्हतं ना."

"बारसं न्हाई झालं. पण मी ठेवलं व्हतं," ती म्हणाली, आणि तिनं मला ते पहिल्यांदा सांगितलं. नंतर कौसाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला बी आता सांगितलंय तिनं. लिवा."

तेव्हा या लेखातली सगळी नावं बदललेली आहेत, एक सोडून. बाळाचं नाव समर्थ होतं.